केमो चालू असताना न थांबणारा खोकला: सिरपच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात कुठे घोळ असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. आईंचं वय ६१. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, 'लाल औषधा'च्या चार केमो झाल्या, आता दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे आणि त्यातले पाच डोस झालेत. तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे. रात्री आडवं झाल्यावर वाढतो, कधी ढास लागून उलटी होते. ताप नाही. डोंबिवलीतल्या फॅमिली डॉक्टरांचं एक आणि मेडिकलवाल्याने दिलेली दोन, अशी तीन सिरपं झाली. बीपीची गोळी चालू आहे. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध-गुळवेलीचा काढा सुचवलाय. परळला केमोच्या डॉक्टरांना मात्र यातलं काही कळवलेलं नाही, कारण 'सांगितलं तर केमो पुढे ढकलतील' म्हणून आई तुम्हाला बोलू देत नाहीत. तुमचा प्रश्न असा की चांगलं सिरप कोणतं आणि काढा चालेल का.

मी छातीविकारांची डॉक्टर आहे. दादर-परळ पट्ट्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस असल्यामुळे माझ्याकडे कॅन्सरची जाडजूड फाईल काखेत घेऊन येणारे खूप असतात, आणि त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच सिरपचा असतो. सिरप आणि काढ्याकडे येतेच, पण थोड्या वेळाने. तुमच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त खटकलं ते शेवटचं. ज्या माणसाच्या सांगण्यावरून दर आठवड्याला सलाईन चढतंय, त्याला खोकल्याची खबरच नाही.

आईंची भीती खोटी नाही. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडायची, मुलाने रजा टाकायची, रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी ताटकळायचं आणि मग 'काऊंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून परत फिरायचं. असं एकदा झालं तरी माणूस धास्तावतो. पण साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलमध्ये एखादा डोस आठवडाभर पुढे जाणं ही डे-केअरमधली, म्हणजे केमो देतात त्या विभागातली, नेहमीची गोष्ट आहे. कधी काऊंटमुळे, कधी हातापायांच्या मुंग्यांमुळे तसं करावं लागतं आणि तेवढ्याने आधीचे डोस वाया जात नाहीत. उलट फुप्फुसात जंतुसंसर्ग किंवा सूज असताना वर आणखी एक डोस चढला, तर आयसीयूची वेळ येऊ शकते, आणि मग केमो एका आठवड्यासाठी थांबत नाही, चांगली लांबते. आईंना हे असंच सांगा. त्यांना स्वतः बोलायचा संकोच असेल तर तुम्ही बोला. डे-केअरच्या सिस्टरना फोनवर सांगितलेलंही चालतं, त्या फाईलवर नोंद करतात.

आता कारणांबद्दल. 'केमोमुळे खोकला' असं सरसकट निदान नसतं. केमो चालू असलेल्या माणसाला खोकला होण्याची डझनभर कारणं आहेत. त्यातली काही अगदी किरकोळ, काही त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला लावणारी, आणि नुसता खोकला ऐकून त्यांच्यात फरक करता येत नाही. म्हणून मी पेशंटला बसवून आधी तारखा विचारते. शेवटचा डोस कधी झाला? खोकला कोणत्या डोसनंतर सुरू झाला? त्या सुमारास कोणती नवी गोळी चालू झाली? घरात कोणाला सर्दी होती का? एक्स-रे बघण्याआधी एवढं कळलं की अर्धं काम होतं.

जंतुसंसर्ग मी नेहमी पहिल्या नंबरावर धरते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. साप्ताहिक डोसमध्ये हा खड्डा तेवढा खोल नसतो, पण नसतोच असं नाही. त्या काळात साधा वाटणारा खोकला दोन दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. आणखी वाईट म्हणजे पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, बेडका पडत नाही, कधी एक्स-रेसुद्धा सुरुवातीला स्वच्छ दिसतो. अशा वेळी हाताशी खूण उरते ती तापाची. १००.४ फॅरेनहाइट हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. एकदा जरी तेवढा ताप आला तरी सकाळची वाट बघायची नाही.

इथे तुमच्या त्या तीन सिरपांकडे आणि सोबतच्या गोळ्यांकडे बघावं लागेल. मेडिकलमध्ये 'सर्दी-खोकला' म्हटलं की जी गोळी पुढे येते, तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं. ते दिवसातून तीनदा पोटात जात असेल तर 'ताप नाही' या वाक्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्यातच पॅक्लिटॅक्सेलच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड देतात, तेही ताप झाकतं. तेव्हा तुमचा ताप नाही हा मुद्दा मी सध्या 'माहीत नाही' या खान्यात ठेवते. आजपासून गोळी देण्याआधी थर्मामीटर लावा, चहा प्यायल्यावर लगेच नको, आणि आकडे वहीत लिहा.

दुसरं कारण मुंबईत राहणाऱ्यांनी विसरायचंच नाही: टीबी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला तर टीबीची तपासणी करा, हा सरकारी कार्यक्रमाचा नियम सगळ्यांसाठी आहे. केमो आणि स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती खाली आलेल्या माणसासाठी तर तो आणखी लागू पडतो, कारण वर्षानुवर्षं शरीरात झोपलेले जंतू अशा वेळी जागे होतात. थुंकीची सीबीनॅट तपासणी महापालिकेच्या आणि सरकारी केंद्रांत मोफत होते, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही हेही तीच सांगते. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी बराच असल्यामुळे हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच मोलाचं. कोरड्या खोकल्यात थुंकी मिळत नसेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन ती काढता येते. याच कारणासाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने किंवा मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने सुरू करू नका. ते टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबतं, खोकला आठ-दहा दिवस बरा वाटतो आणि निदान महिनाभर मागे पडतं. माझ्याकडे असे पेशंट येतात, 'मधे बरं होतं हो डॉक्टर' असं सांगत. टीबी निघाला तरी कॅन्सरचे उपचार संपले असा अर्थ होत नाही. मात्र रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं झपाट्याने संपवायला लावतं. स्टेरॉईड, उलटी थांबवणारं ऑन्डानसेट्रॉन, केमोची काही औषधंसुद्धा त्यात येतात. त्यामुळे दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून वेळापत्रक लावावं लागतं.

आता आईंच्या बाबतीत मला ज्याची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ते विचारते. बीपीची गोळी कोणती? पाकीट आणा आणि मूळ औषधाचं नाव वाचा. शेवट 'प्रिल'ने होत असेल, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, तर कोरडा खोकला हा त्या औषधाचा प्रसिद्ध दुष्परिणाम आहे. घसा खवखवतो, ठसका लागतो, रात्री वाढतो, बेडका काही नाही, आणि कुठल्याही सिरपने हलत नाही. गोळी सुरू केल्यावर लगेच होईल असंही नाही, काही महिन्यांनीही सुरू होतो. लालबागच्या एका काकूंचं असंच झालं होतं. केमोच्या काळात बीपी वर गेला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी एनालाप्रिल दिलं. खोकला लागल्यावर घरचे 'फुप्फुसात पसरलं' असं मनाशी धरून चालले, आणि सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी कोणाचा विश्वास बसेना. गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत खोकला गेला. लक्षात घ्या, आठवडे लागतात, क्वचित तीन महिनेही. त्यामुळे दोन दिवसांत फरक नाही म्हणून 'गोळीचा दोष नव्हता' असा निष्कर्ष काढायचा नाही. आणि गोळी तुम्ही बंद करायची नाही. फोन करून बदलून मागायची. टेल्मिसार्टनसारख्या 'सार्टन' गटात हा त्रास फार कमी असतो.

आडवं झाल्यावर वाढतो हे तुम्ही लिहिलंत, त्याचे तीन अर्थ निघू शकतात आणि तिन्ही तपासायला हवेत.

एक म्हणजे आम्लपित्त. स्टेरॉईड, उलट्या, अवेळी खाणं, आणि थकव्यामुळे जेवल्या जेवल्या अंग टाकणं. पोटातलं आम्ल वर येऊन घशाला लागतं. प्रत्येकाला छातीत जळजळ होईलच असं नाही, नुसता खोकलाही असू शकतो. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. दोन-दोन उशा घेऊन उपयोग होत नाही. त्याने मान वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो.

दुसरं, नाक. हे ऐकून लोक हसतात, पण केमोने डोक्याचे केस जातात तसे नाकातलेही जातात. आतला ओलावा धरून ठेवायला काही उरत नाही, नाक सतत पाण्यासारखं गळतं, आणि झोपलं की ते मागच्या मागे घशात उतरतं. मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे दिवसातून तीन-चारदा मारला तरी बऱ्याच जणांना आराम पडतो.

तिसरा अर्थ गंभीर आहे: हृदय. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ते हृदयाच्या स्नायूला कमजोर करू शकतं. काहींना त्यानंतर ट्रास्टुझुमॅब देतात, तेही हृदयाकडे लक्ष ठेवूनच द्यावं लागतं. हृदय कमी पडलं की आडवं झाल्यावर फुप्फुसात पाणी साचतं, खोकला येतो, उठून बसलं की बरं वाटतं. सोबत पावलांवर सूज येते, दोन-तीन दिवसांत वजन वाढतं, जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप लागते. आईंना विचारा, पण 'दम लागतो का' असं विचारू नका, 'नाही' हेच उत्तर येईल. महिन्याभरापूर्वी एका दमात करायच्या आणि आता मधे टेकतात असं कुठलं काम आहे, ते विचारा. दोरीवर कपडे घालणं, अंघोळ, पोळ्या लाटणं. शंका असेल तर टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. केमोच्या आधीचा एको फाईलमध्ये असेलच, त्याच्याशी तुलना करता येते.

याशिवाय काही कारणं अशी आहेत की जी वारंवारतेने कमी, पण नजरेआड करता येत नाहीत. पॅक्लिटॅक्सेलने फुप्फुसाच्या पडद्यांना सूज येऊ शकते. फार जणांना होत नाही, पण कोरडा खोकला आणि चालल्यावर वाढणारी धाप ही जोडी दिसली की मी साध्या एक्स-रेवर थांबत नाही, एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन, करून घेते. बरेच दिवस स्टेरॉईड चालू असलेल्यांत न्यूमोसिस्टिस नावाचा संसर्गही हुबेहूब असाच दिसतो. फुप्फुसाभोवती पाणी साचलं की एका कुशीवर झोपल्यावर खोकला येतो. सोनोग्राफीत कळतं, आणि पाणी काढल्यावर लगेच हायसं वाटतं. पायातली गुठळी निसटून फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं, एक पाय सुजलेला असतो. आजार फुप्फुसात पसरणं हेही कारण असू शकतं. ते तुमच्या मनात असणारच, म्हणून लपवत नाही. पण तीन आठवड्यांच्या खोकल्यावरून तिथे उडी मारू नका, त्याच्या आधी वर सांगितलेली बरीच घरं फिरून यावी लागतात.

इतरांच्या घरी वेगळे उपचार चालू असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. शेक, म्हणजे रेडिएशन, छातीवर झाला असेल तर फुप्फुसाची सूज शेक चालू असताना येत नाही, तो संपल्यावर एक ते सहा महिन्यांत डोकं वर काढते. तोपर्यंत पेशंट आणि डॉक्टर दोघंही शेक विसरलेले असतात. आईंचा शेक पुढे व्हायचा असेल तर हे लिहून ठेवा. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅबसारखी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं), किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ओसिमेर्टिनिबसारखी रोजची गोळी चालू असेल, तर नवा खोकला त्याच दिवशी कळवायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचे पेशंट, जे आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे ढिगाने आहेत, त्यांनी बघावं की खोकला पाणी पिताना येतो का. येत असेल तर घास आणि पाणी श्वासनळीत उतरतंय. तिथे सिरप निरुपयोगी. गिळण्याचा व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट लागतात. मान किंचित खाली करून गिळणं, पाण्याऐवजी दाट पेय घेणं, अशा साध्या उपायांनी पुढचा न्यूमोनिया टळतो.

तपासण्यांची यादी मी लांबवणार नाही. आईंच्या बाबतीत या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), छातीचा एक्स-रे आणि थुंकी. बोटावरच्या ऑक्सिमीटरने घरी एक गोष्ट बघता येते. बसलेलं असताना ऑक्सिजनचा आकडा घ्या, मग घरातल्या घरात नेहमीच्या चालीने पाच-सहा मिनिटं चालायला सांगा आणि पुन्हा घ्या. बसल्या जागी ९४ किंवा त्याहून कमी असेल, किंवा चालल्यावर चार अंकांनी उतरत असेल, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असो, मला काळजी वाटते. पॅक्लिटॅक्सेलच्या गटातल्या टॅक्सेन औषधांनी नखं काळपट होतात आणि मग ऑक्सिमीटर चुकतो. नेलपॉलिशनेही तेच होतं. नितळ नखाचं बोट शोधा, हात गार असेल तर चोळून गरम करा.

तातडीचं एकदा सलग सांगून टाकते. १००.४ ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी, बसल्या जागी धाप, ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, छातीत दुखणं, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, बेडक्यात रक्त. रक्ताचा एखादा धागा दिसला तर त्याच दिवशी फोन. चमचाभर किंवा जास्त असेल तर थेट हॉस्पिटल. आणि रात्री असं झालं तर डोंबिवलीहून परळ गाठायचा हट्ट करू नका. जवळचं चांगलं हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा, आणि दारातच पहिलं वाक्य हे बोला: 'केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, काऊंट कमी असू शकतात.' केमोतल्या तापाला अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. या वाक्याने आतली घाई वाढते, नाहीतर तुम्ही रांगेत बसता.

आता सिरप. आपल्याकडच्या बाटल्यांत दोन-तीन औषधांची भेळ असते, आणि अनेकदा ती एकमेकांच्या उलट काम करतात. ॲम्ब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही बेडका पातळ करणारी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन खोकला दाबणारी, आणि क्लोरफेनिरामिन सर्दी सुकवून झोप आणणारं. बेडका असेल तर दाबणारं नको, तो आत साचतो. कोरड्या खोकल्यात पातळ करणाऱ्याचा उपयोग नाही. आईंचा खोकला कोरडा आहे, म्हणून वर सांगितलेलं बघून झालं की रात्रीच्या झोपेपुरतं फक्त डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीने चालू शकेल. पण आई नैराश्याची किंवा झोपेची काही गोळी घेत असतील तर ते आधी सांगा, कारण त्यातल्या काहींबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन जुळत नाही. कोडीनने बद्धकोष्ठ होतं, आणि ऑन्डानसेट्रॉनने ते आधीच झालेलं असतं. दुखण्यासाठी मॉर्फिन चालू असणाऱ्यांनी वर कोडीन घ्यायचंच नाही. मधुमेह असेल तर सिरपातली साखर मोजा, स्टेरॉईडने ती आधीच चढलेली असते. घरातल्या तिन्ही बाटल्या एकत्र चालू असतील तर आज थांबवा आणि लेबलांचे फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला.

काढ्याला माझा विरोध आयुर्वेदामुळे नाही. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर बीपी वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. आईंना बीपी आहे, उलट्याही होतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. घसा खवखवला म्हणून एखादी कांडी चघळली तर आभाळ कोसळत नाही, पण काढा नको. गुळवेलीबद्दल तर मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये, कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. पॅक्लिटॅक्सेल यकृतातूनच बाहेर पडतं. यकृत बिघडलं तर डोस खरोखरच थांबेल, म्हणजे आईंना जी भीती आहे तीच खरी होईल. हळद घातलेलं दूध खुशाल द्या, हळदीच्या कॅप्सूल नकोत. मधाचा चमचा कोमट पाण्यातून द्यायला माझी हरकत नसते. काऊंट फार खाली असताना मात्र तुमच्या हॉस्पिटलचा नियम विचारा, काही ठिकाणी कच्चा मध टाळायला सांगतात.

औषधाशिवाय ज्याचा उपयोग होतो त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, तरी सांगते. खोकल्याने घसा सोलवटतो आणि सोलवटलेला घसा पुन्हा खोकायला लावतो. ही साखळी तोडायची असेल तर उबळ येतेय असं वाटताच तोंड मिटून एक आवंढा गिळायचा, कोमट पाण्याचा छोटा घोट घ्यायचा, आणि नाकाने सावकाश श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सोडायचा. चार-पाच वेळा. प्रत्येक उबळ थांबणार नाही, पण रात्री दहापैकी चार थांबल्या तरी झोप लागते. बेडका असणाऱ्यांनी जोरात खोकण्याऐवजी आरशावर वाफ धरतो तसा 'हाऽ' करून श्वास बाहेर टाकायचा, बेडका कमी श्रमात वर येतो. साध्या पाण्याची वाफ चालते. निलगिरी, कापूर, बाम त्यात टाकू नका, संवेदनशील श्वासनळी त्याने आणखी आवळते. आणि उकळतं पातेलं मांडीवर घेऊन वाफ घ्यायची नाही, पातेलं कलंडून भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

घरात बघा. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, फोडणीचा ठसका, सगळं काही दिवस बंद किंवा दाराबाहेर. खिडकीच्या ग्रिलवर किंवा एसीच्या डब्यावर कबुतरं बसत असतील तर ती विष्ठा आणि पिसांची धूळ आईंनी झाडायची नाही. त्याने फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते आणि प्रतिकारशक्ती कमी असताना त्यातल्या बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढा वाद झाला, त्यात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण तुमच्या खिडकीत जाळी लावाच. साफ करणाऱ्यानेही मास्क लावून, आधी पाणी मारून पुसावं. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली असेल किंवा शेजारी रीडेव्हलपमेंटचं तोडकाम चालू असेल, तर त्या बाजूची खोली आईंना नको. प्रवासात एन-९५ मास्क. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना प्रवास करता येतो, हे अजून अनेकांना माहीत नाही. फाईल किंवा हॉस्पिटलचं कार्ड जवळ ठेवा.

एक गोष्ट आई तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. इतके दिवस खोकणाऱ्या बायकांना खोकताना लघवी सुटते आणि त्या लाजेने पाणी पिणं कमी करतात. मग घसा आणखी कोरडा. घरातल्या एखाद्या बाईने, मावशी किंवा बहिणीने, हे हळूच विचारावं आणि पॅड आणून द्यावेत. खोकताना बरगडीच्या एकाच जागी सारखं दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हाडं अशक्त असताना नुसत्या खोकल्यानेही बरगडीला चीर जाते. तोवर उबळ आली की छातीशी उशी घट्ट धरायची, दुखणं कमी होतं.

कारण सापडूनही खोकला हटत नाही असेही पेशंट असतात, बहुतेक फुप्फुसातला आजार वाढलेले. त्यांना अगदी थोड्या मात्रेत मॉर्फिन किंवा गॅबापेंटिन देऊन पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करण्याचे उपचार देणारे, डॉक्टर रात्रीची झोप मिळवून देऊ शकतात. मॉर्फिनचं नाव ऐकून 'आता शेवट आला' असं समजू नये. तुमच्या आईंना सध्या त्याची गरज दिसत नाही. ज्यांना आहे त्यांनी खोकला अंगावर काढत बसू नये.

फोन करताना ही माहिती समोर ठेवा: शेवटच्या डोसची तारीख, खोकला कधीपासून, दोन दिवसांचे तापाचे आकडे, चालण्याआधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन, सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. त्याच फोनवर फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस आईंना कधी द्यायची हेही विचारून घ्या. घरातल्या तुम्हा बाकीच्यांना फ्लूची लस घ्यायला कोणाची वाट बघायची गरज नाही. बीपीच्या गोळीचं नाव आणि एक्स-रेत काय निघालं ते मला इथेच कळवा, सिरपबद्दल त्यानंतर नेमकं सांगता येईल.